एम्डेनचा पाहुणा

ओको हार्म्सला सकाळपासून भूक लागली होती आणि जेवायला जायची लाज वाटत होती.

पासाउला तो एकटाच आला होता. उत्तरेकडे, समुद्रकाठच्या एम्डेनमधल्या वाचनालयात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि डॅन्यूबवरच्या या गावाबद्दल त्याने नको इतकं वाचलं होतं. सकाळी कॅथेड्रलमध्ये ऑर्गन ऐकून झाला. इल्झ नदीचं काळपट आणि इन नदीचं हिरवट पाणी डॅन्यूबला मिळतं त्या टोकावर तो कितीतरी वेळ उभा राहिला. पण "एकट्यासाठी टेबल आहे का?" असं विचारायचं म्हटलं की त्याचे पाय मागे यायचे. एकेका खानावळीच्या खिडकीतून आत डोकावून तो पुढे सरकत होता.

एका दारात काळ्या कोटांतली माणसं आत शिरत होती. ओकोचा रेनकोटही काळाच. "आत, मागच्या खोलीत बसा. सूप गार होतंय," वाढणारी बाई म्हणाली. तिला नाही म्हणायला हवं होतं. पण सुपाचा वास आला आणि तो आत गेला.

बसून त्याने सुपाचा चमचा तोंडात घातला, तेवढ्यात शेजाऱ्याने एक छापील चित्र त्याच्या हातात ठेवलं. एका म्हाताऱ्याचा फोटो, खाली आम्ब्रोस हे नाव, जन्म, मरण आणि प्रार्थना. हे मयतीनंतरचं जेवण होतं. ओकोच्या तोंडात त्याच मयताचं सूप होतं.

"मी फाइट," शेजारी म्हणाला. "आम्ब्रोसचा पत्त्यातला भिडू. तुम्ही कुठले?"

"एम्डेनचा," ओकोच्या तोंडून निघून गेलं.

फाइटचा चमचा हवेतच राहिला. "क्रेसेन्झ! अगं, हे एम्डेनहून आलेत!"

टेबलाच्या टोकाला बसलेली मयताची बहीण काठी टेकत उठली, ओकोजवळ आली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. "आलात! शेवटपर्यंत म्हणत होता तो, एम्डेनचं कुणीतरी येईल."

ओको उठला. तिला भिंतीकडे घेऊन गेला आणि जमिनीकडे बघत पुटपुटला, "बाई, मला माफ करा. मी तुमच्या भावाला ओळखत नाही. गाव बघायला आलोय. भूक लागली होती."

मग तिने मागे वळून पाहिलं. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती.

"आता नका सांगू," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तरुणपणी तो एम्डेनला, समुद्रावरच्या जहाजांवर होता, असं सांगायचा. कुणाला पटलं नाही. जन्मभर थापाड्या म्हणाले त्याला. मीसुद्धा हसायचे हो. आज एवढं करा. तो होता म्हणा."

"पण होता का?"

"मला काय माहीत?"

तेवढ्यात फाइट ओरडला, "काय खलबतं चाललीत? सांगा की राव! आमचा आम्ब्रोस खरंच जहाजांवर होता, की डबक्यात होड्या सोडत होता?"

दोघंतिघं हसले. ओकोचे कान तापले. आयुष्यात चार माणसांपुढे तो कधी बोलला नव्हता.

"होता," तो म्हणाला. "चांगला खलाशी होता."

हसू थांबलं. फाइटने समोरचं चित्र उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. त्याचा चेहरा कसानुसा झाला.

"परवासुद्धा चिडवलं मी त्याला," तो म्हणाला. "दवाखान्यात, खाटेवर पडलेला असताना. म्हटलं, तुझं जहाज कुठं बुडालं रे? नुसता बघत राहिला माझ्याकडे." त्याने बाहीने नाक पुसलं. "माफ कर रे बाबा."

पलीकडच्या एका बाईने मान खाली घातली. मघाशी हसलेले सगळे आता आपापल्या ताटात बघत होते. ओकोला वाटलं, ओरडून सांगावं, माफी मागू नका, मला काही ठाऊक नाही. त्याने क्रेसेन्झकडे पाहिलं. तिने नजर वळवली.

"या पाहुण्यांना जास्त वाढा," ती वाढणाऱ्या बाईला म्हणाली.

भाजलेलं डुकराचं मांस आलं, वर दाट रस्सा. फाइटने आपल्या ताटातला बटाट्याचा गोळाही उचलून ओकोला वाढला. "खा. लांबून आलात," तो म्हणाला. ओको खात राहिला. नको म्हणायला त्याला तोंडच उरलं नव्हतं.