बटण दाबण्याआधीचं

मी एक जुना, खिशात मावणारा टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, खरं तर मला तोंड दाखवायला जागा नाही, पण आज सगळं सांगून टाकतो.

माझी उमेदीची वर्षं एका बातमीदाराकडे गेली. "हा कधी दगा देत नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि माझी छाती फुगायची. पुढे त्याने नवं यंत्र घेतलं आणि मला शेजाऱ्यांना देऊन टाकलं. त्यांची मुलगी नुकतीच बोलू लागली होती. लाडाचं नाव ठकी. तिचे बोबडे बोल मी एका कॅसेटवर भरून घेतले. ते ऐकून तिचे आईबाबा हसून हसून बेजार व्हायचे. मग सगळे मला विसरले आणि सात वर्षं मी कपाटात धूळ खात पडलो.

एके दिवशी बाबांनी मला काढलं, पुसलं. मी हुरळून गेलो! पण त्यांनी मला स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे लपवलं. दोघांचं पटेनासं झालं होतं. बाबा हळू आवाजात काहीतरी लागट बोलायचे आणि मग माझं बटण दाबायचे. आई भडकून ओरडायची, तेवढंच मी टिपायचो. हे कोर्टात ऐकवलं की ठकी आपल्याकडेच राहील, असा त्यांचा बेत होता. मी मुकाट्याने साथ दिली.

पण आईने वेगळा मार्ग सुचवला आणि बाबा हो म्हणाले. दोघांचे आपापले वकील आणि मुलांचं मन जाणणाऱ्या एक समुपदेशक बाई, असे सगळे एकाच टेबलाभोवती बसून घटस्फोटाचं ठरवणार होते. पहिल्याच दिवशी सह्या झाल्या. कोर्टात भांडायचं नाही, एकमेकांपासून काही लपवायचं नाही. बोलणी फिसकटली, तर दोन्ही वकील बाजूला होणार आणि नव्या वकिलांसह सगळं पहिल्यापासून.

तिसऱ्या बैठकीआधी बाबांनी आपल्या वकीलबाईंना माझ्याबद्दल सांगितलं.

"तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी हे कुणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण लपवूनच ठेवणार असाल, तर मी तुमचं काम सोडते."

बैठकीत बाबांनी मला टेबलावर ठेवलं आणि आत आईचं ओरडणं असल्याचं सांगितलं.

"लाव," आई म्हणाली.

तिचं ओरडणं खोलीभर घुमलं.

"आणि याच्या आधी तू काय बोललास? ते नाहीये यात?"

बाबांनी मान खाली घातली. "नाहीये. ठकीला तुझी लाज वाटते, असं म्हणालो होतो. ते खोटं होतं. मग बटण दाबलं."

धरणीने पोटात घ्यावं, असं मला झालं. आईने पर्स उचलली. ती दारातून बाहेर पडली असती, तर सगळंच मोडलं असतं. मला बंद करायचं कुणाला सुचलं नाही. टेपवरचं भांडण संपलं, खट्ट आवाज झाला आणि जुनी, छोटी ठकी बोलली, "आई, बाबा, इकले बशा ना!"

बाबांनी ठकीच्याच कॅसेटवर भांडण भरलं होतं.

"एवढंच उरलंय?" आईने विचारलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली. तिने पर्स खाली ठेवली आणि ती खुर्ची ओढून बसली.

आणखी चार बैठकांनंतर दोघं वेगळे झाले. ठकी आता दोन्ही घरी राहते. पण तिचे बाकीचे बोल कायमचे गेले, आणि ते माझ्याच पोटात पुसले गेले.

मित्रांनो, कॅसेटवर काही भरण्याआधी तिच्यात काय आहे ते ऐकत जा. आणि कुणी तुम्हाला भांडणाचा तुकडा ऐकवला, तर त्याच्या आधी काय झालं ते जरूर विचारा. मी कधीच विचारलं नाही.