नवनाथच्या कार्डावरचा माणूस

"ताई, म्या तर ठणठणीत हाय," फोनवर नवनाथ म्हणाला, आणि विजयश्रीने संगणकावरची त्याच्या नावाची नोंद पुन्हा वाचली. मेंदूत रक्तस्राव, सहा दिवस आयसीयू.

चिंचवडच्या इस्पितळात हृदयाच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. गोळी घेणाऱ्या तीनशे जणांपैकी कोण कुठे अॅडमिट झालं, हे विजयश्री विम्याच्या नोंदींवरून हुडकून काढी. माणूस थापा मारेल, बिल मारत नाही, असं ती नव्या मुलींना ऐटीत सांगायची. रक्तस्रावाचे तिघे तिला आधीच सापडले होते. नवनाथ चौथा.

"मग चाकणच्या दवाखान्यात तुमच्या विम्याच्या कार्डावर कोण होतं?"

पलीकडचा कारखान्यातल्या मशीनचा धडधडाट कमी झाला. नवनाथ बाजूला गेला असावा.

"ज्योतीराम. धाकटा भाऊ. ठेकेदाराकडं व्हता, त्याला कुठलं कार्ड? तोंडावळा एकच, खपून गेलं. बोलू नका कुठं. कंपनी मला घरी बसवील."

विजयश्रीला हायसं वाटलं. नोंद चुकीची, खोडली की झालं. रिवाजाप्रमाणे तिने शेवटचा प्रश्न विचारला.

"गोळ्या वेळेवर घेता ना?"

"मला गरगरायचं त्या गोळीनं. ज्योतीरामच्या बी छातीत धडधड व्हायची, मग त्यालाच देत व्हतो. येवढी भारी गोळी, वाया कशाला घालायची?"

"आता कसा आहे तो?"

"गावाकडं नेला. तिथंच गेला."

नोंद खोडायच्या बटणावरून तिने बोट काढलं. तेवढ्यात तिचं फोनवरचं बोलणं अर्धवट ऐकून चाचणीचे प्रमुख डॉक्टर दादासाहेब दारातून डोकावले.

"चौथा ठणठणीत आहे म्हणे? मग काढा त्याला. रक्तस्रावाचे तीन असले तर चाचणी चालू राहते. चार झाले की थांबवावी लागेल."

खरं लिहावं तर नवनाथची नोकरी जाणार, न लिहावं तर बाकीचे उद्याही ती गोळी गिळणार. विजयश्रीला स्वतःच्या कामाची पहिल्यांदाच भीती वाटली.

"नोंद बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "नाव तेवढं चुकलंय."

फोन चालूच होता. नवनाथने सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी," तो हळू म्हणाला, "त्या गोळीनं गेला त्यो? म्याच दिली व्हती की त्याला."

विजयश्रीने नोंदीतला नावाचा रकाना रिकामा केला.

"लिवा," तो म्हणाला. "ज्योतीराम. वय एकतीस."