ही ओळ कुणाची?

मी सुभेदारांची लाल इलेक्ट्रिक गिटार बोलतेय, आणि आज चिडूनच बोलतेय. आठ महिने उंब्रजच्या घरात कपाटावर पडून आहे. चिडू नको तर काय करू?

धैर्यशील सुभेदार फौजेत असताना शिलाँगला होते. तिथल्या एका म्हाताऱ्या वादकाने मला त्यांना विकलं आणि सोबत ब्लूज शिकवलं. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं हे गाणं. कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, तीनच, पण तार बोटाने अशी ताणायची की सूर कण्हला पाहिजे. सुभेदारांची बोटं सोलली, पण ते शिकले. निवृत्तीनंतर उंब्रजला ऊस सांभाळायचे आणि दर रविवारी मला पाठीला लावून सांगलीला शिकवायला जायचे.

त्यांची एक आवडती ओळ होती, नऊ सुरांची. प्रत्येक विद्यार्थ्याला वाजवून दाखवायचे आणि म्हणायचे, ही मी बसवलीय. आजकालच्या रॉकवाल्यांवर मात्र त्यांचा भारी राग. "जुन्यांचं उचलायचं, आवाज वाढवायचा आन् आपलं म्हनून खपवायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मनात चडफडायचे. तीच ओळ शिलाँगच्या म्हाताऱ्याने माझ्यावर शेकडो वेळा वाजवली होती. शिकलेलं किती आणि सुचलेलं किती, हे सुभेदारांचं त्यांनाच आठवेनासं झालं असावं.

अबोली त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, इंजिनिअरिंगला होती. तिचा रॉक बँड स्पर्धेत उतरला, तेव्हा सुभेदारांनी स्वतःहून मला तिच्या हाती दिलं.

तिने सुरुवात त्याच ओळीने केली. मग मागे हलगी वाजू लागली. अबोलीने ती ओळ हलगीच्या ठेक्यावर टाकली, मधेच तोडली, उलटी फिरवली आणि कुठल्या कुठे नेली. इतकी वर्षं मी वाजतेय, पण असा आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता. पहिलं बक्षीस मिळालं. निवेदकाने विचारलं, धून कुणाची? ती म्हणाली, माझी.

सुभेदार तडक मंचामागे आले.

"पैली वळ माजी हाय. माजं नाव घ्यायला जीभ जड झाली व्हय?"

अबोली ओशाळली. चुकलं म्हणाली. तिथेच थांबायचं ना! पण सुभेदार चार लोकांदेखत म्हणाले की सगळीच चोरी आहे, तुझं त्यात काहीच नाही. तेव्हा तिने मोबाइल काढून एक गाणं लावलं. नव्वद वर्षांपूर्वीची तबकडी, खरखरणारी. एक काळा गायक गात होता आणि त्याच्या गिटारवर तीच नऊ सुरांची ओळ होती.

"सर, तुम्ही तरी यांचं नाव कधी घेतलंत?"

सुभेदारांनी पूर्ण गाणं ऐकलं. मग मला खोळीत घातलं आणि एसटीत बसले. रविवारचे वर्ग बंद झाले.

माझा राग दोघांवर आहे. तिने नाव घ्यायला हवं होतं. आणि सुभेदारांनी नऊ सुरांच्या पुढचं ऐकायला हवं होतं. ते पुढचं कुठल्याच तबकडीत नव्हतं.

गेल्या महिन्यात अबोली उंब्रजला आली. सुभेदारांच्या पत्नी हरणाबाईंनी चहा केला, शेतावर निरोप धाडला. सुभेदार आले नाहीत. ती एक कागद ठेवून गेली. त्यावर तिने धून लिहिली होती आणि खाली चार नावं होती: आधी तो गायक, मग 'शिलाँगचे वादक', मग सुभेदार, शेवटी ती स्वतः.

"आवं, पोरगी उनातनं आली हुती. एक फोन तरी करा की," संध्याकाळी ते घरी आल्यावर हरणाबाई म्हणाल्या.

सुभेदारांनी कागद दोनदा वाचला. खिशातलं पेन काढून आपल्या नावापुढे लिहिलं, 'फक्त शिकवलं'. अबोलीच्या नावापुढे लिहिलं, 'पुढचं सगळं हिचं'. आता फोन करतील, मला खाली काढतील, असं वाटलं. त्यांनी कागदाची घडी केली, माझ्या खोळीच्या कप्प्यात सारली आणि चेन ओढली.

अहो, इथे तो कोण वाचणार? माझ्या तारा गंजल्या, त्याचं मला काही नाही, नव्या मिळतात. पण तुमच्यापैकी कुणी उंब्रजला उतरलंत, तर सुभेदारांना एवढं सांगा: जे लिहिलंत, ते त्या पोरीला तोंडाने सांगा.