काचेची आतली बाजू

तपासनीस ज्या विमा कंपनीत होता तिथे लोक पाणी शिरल्याच्या तक्रारी घेऊन यायचे, आणि ते कुठून शिरलं याबद्दल खोटं बोलायचे. त्यांचं खोटं पकडण्याचा त्याला पगार मिळायचा. समोरच्याने पहिल्याच वाक्यात "खरं सांगतो" म्हटलं की तपासनीस पेनाचं टोपण काढायचा. त्यामुळे थंडी पडल्यावर जेव्हा त्याच्या स्वतःच्या गाडीच्या काचा रोज सकाळी ओल्या मिळू लागल्या, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी अपेक्षेने त्याच्याकडे पाहिलं.

बाहेरून ओल्या असत्या तर कोणी अवाक्षर काढलं नसतं. या आतून ओल्या होत्या. बोट फिरवलं की थेंब ओघळत खाली जायचा आणि डॅशबोर्डाच्या खाचेत जाऊन बसायचा. बायको ज्या दातांच्या दवाखान्यात कामाला होती तिथे तिला सोडून तो पुढे ऑफिसला जायचा, तेव्हा निघण्याआधी ती एका जुन्या मोज्याने काचा पुसत बसायची.

"रात्री रडते वाटतं गाडी," ती म्हणायची. "विचार जरा काय दुखतंय."

त्याने विचारपूस केली. दारांची रबरं बदलून घेतली. मेकॅनिककडून हीटरचा पाइप तपासून घेतला. मग मेकॅनिकने बाहेरून पाण्याचा पाइप धरला आणि तपासनीस आत बसून टपाकडे बघत राहिला. एक थेंब आला नाही. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडी ठणठणीत आहे," आणि तपासनिसाला हे उत्तर डॉक्टरांच्या "सगळं नॉर्मल आहे"सारखं वाटलं, म्हणजे बिल द्यावं लागतं आणि दुखणं घरी घेऊन जावं लागतं.

अशा वेळी मेहुणा उगवला नसता तरच नवल.

बायकोचा हा धाकटा भाऊ पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात दर्जा तपासायचा. कंपनीने त्याला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि तिथून तो एक शस्त्र घेऊन परतला होता. कुठल्याही बिघाडाला पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं. झाकण बसत नाही इथपासून शेजाऱ्यांचा घटस्फोट इथपर्यंत सगळ्याला तो हेच लावायचा. रविवारी जेवायला आला, काचांची कथा ऐकली आणि हात धुऊन येऊन खुर्ची फिरवून बसला.

"काचा का ओल्या होतात?"

"गाडीत ओल आहे म्हणून," बायको म्हणाली.

"ओल का आहे?"

"कुठून तरी येते म्हणून. हे तर मी मोजा घेऊन रोजच म्हणते."

"कुठून तरी नाही, ताई. टपातून येत नाही, खालून येत नाही, पाइपातून येत नाही. म्हणजे ती दार उघडून येते. चालत येते."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाबा पपई खात होते. तपासनिसाचे वडील, जन्मभर पुलांचे नकाशे काढलेले ड्राफ्ट्समन. आई गेल्यावर त्यांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि वयाच्या सत्तरीत शिकायला लागलेला हा माणूस आता आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी तलावावर असायचा. "पाण्यात गुडघे आहेत हेच विसरायला होतं," असं ते येईल त्याला सांगत. ऑफिसातून परतताना तपासनीस त्यांना तलावावरून उचलायचा. डोकं ओलं, मांडीवर ओल्या कपड्यांची पिशवी, बुडाखाली टॉवेल, असे ते शेजारच्या सीटवर बसून घरी यायचे.

"मी येतो चालत," बाबा म्हणाले. "ओला."

"काका, तुमच्यावर आरोप नाही. आपण फक्त कारण शोधतोय." मेहुणा कारखान्यातही कामगारांना हेच सांगत असणार. "शनिवार-रविवार तुम्ही पोहत नाही ना?"

"लहान पोरांचे वर्ग असतात. तलावात पाय ठेवायला जागा नसते."

"आणि आज सकाळी काचा कशा होत्या?"

मेहुणा स्वतः खाली जाऊन बोट फिरवून आला. काचा कोरड्या होत्या. शनिवारी नव्हत्या, पण ती शुक्रवारच्या पोहण्याची ओल. सोमवारी सकाळी कोरड्या असतील, मंगळवारी पुन्हा ओल्या असतील, असं भाकीत करून मेहुणा गेला. सोमवारी कोरड्या होत्या. मंगळवारी सकाळी बायकोने मोजा काढला.

तपासनिसाची इथे एक सवय सांगायला हवी. संध्याकाळी गाडी इमारतीच्या मागे, भिंतीलगत, आपल्या जागेवर लावली की तो म्हणायचा, "बाबा, तुम्ही व्हा पुढे. मला एक फोन करायचाय." बाबा पिशवी घेऊन लिफ्टकडे जायचे. आणि तपासनीस कोणालाही फोन न करता पाऊण तास तिथेच बसायचा. काचा बंद, रेडिओ बंद. समोरच्या भिंतीवर रंगवलेला आपल्या फ्लॅटचा नंबर बघत. डोक्यात विचार असायचे म्हणावं तर तेही नाही. घरात भांडण नव्हतं, आजारपण नव्हतं. वर गेलं की बायको "कसा गेला दिवस" विचारायची, आणि दारात पाऊल टाकताना नेमका चहा उकळत असायचा. याला तो आपल्या संसारातला एक सुखद योगायोग समजत आला होता.

शनिवार-रविवार त्याचंही ऑफिस बंद असायचं.

हे त्याच्या ध्यानात आलं मंगळवारी संध्याकाळी, गाडीतच. बाबा वर गेले होते. त्याने पहिल्यांदाच नंबरावरची नजर काढून काचेकडे पाहिलं. कडेने एक पांढुरकी साय धरत होती. तो बघत राहिला आणि ती मधे सरकत आली, त्याच्या प्रत्येक श्वासागणिक, अगदी मन लावून. बाबांच्या टॉवेलचंही थोडं असेल. पण टॉवेल एवढ्यात वर जाऊन दोरीवर पडला होता, आणि काच अजून काम करत होती.

वीस वर्षांत त्याने एवढा स्वच्छ पुरावा पाहिला नव्हता.

त्याच रात्री जेवताना, बाबा हात धुवायला उठले तेव्हा बायको म्हणाली, "गाडीतून येऊ नका हे बाबांना सांगायचं कसं? वाईट वाटेल त्यांना." तेव्हाच त्याने तोंड उघडायला हवं होतं. त्याने भाजी मागितली.

सांगायची वेळच आली नाही. बाबाच परत येऊन म्हणाले, "उद्यापासून मी बसने येत जाईन. उगाच गाडीची वाट लागायला नको."

"अहो, पण बसचा थांबा लांब आहे," बायको म्हणाली. "ओल्या डोक्याने थंडीत?"

"टोपी घालीन ना."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "बघू काही दिवस." हे दावे फेटाळताना वापरायचं त्याचं खास वाक्य होतं.

आता खरं तर प्रकरण आपोआप उघडं पडायला हवं होतं. बाबा बसने आणि काचा तरी ओल्याच, म्हणजे बाबा निर्दोष. तपासनीस फक्त नेहमीसारखा बसून राहिला असता तरी बाबा सुटले असते. पण मग मेहुण्याची खुर्ची पुन्हा फिरली असती, आणि या वेळी कोणाकडे, ते त्याला ठाऊक होतं. न बसण्याचाही मार्ग होता. दोन दिवस त्याने तो धरून पाहिला. इंजिन बंद केलं, किल्ली काढली, दाराच्या कडीला हात घातला, आणि हात तिथेच राहिला. त्या दोन सकाळच्या ओल्या काचा बायकोने सीटमधल्या जुन्या ओलीच्या खात्यात टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्याने गाडीत एक पिवळं फडकं आणून ठेवलं. पाऊण तास संपला की तो काचा कोपऱ्यांसकट पुसायचा, चारही दारं उघडून जरा वेळ हवा खेळू द्यायचा आणि फडकं सीटखाली दडवायचा. फसवणुकीच्या दाव्यांत अशी फडकी त्याने स्वतः पकडून दिली होती.

सकाळी काचा आरशासारख्या.

"कमाल आहे," बायको मोजा घडी करून ठेवत म्हणाली. "बाबाच होते म्हणजे."

ती हे हळू म्हणाली होती. पण बाबा मागेच उभे होते, शाल सावरत, त्यांना निरोप द्यायला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा पोहायचे थांबले. कारण विचारलं तर म्हणाले, तलावात औषध फार टाकतात हल्ली, डोळे चुरचुरतात. टोपी खुंटीवर गेली. संध्याकाळी ते गॅलरीत बसू लागले, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी घेऊन. गॅलरीतून गाडीची जागा दिसत नव्हती, हे तपासनिसाने पहिल्याच दिवशी पाहून घेतलं. असं काही आपण पाहून घेतलं, याचीच नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. फडक्याची त्या मानाने कमी.

पुढच्या एका रविवारी मेहुणा पेढे घेऊन यावं तशा तोंडाने आला. कारखान्यातल्या बैठकीत त्याने आपल्या ताईच्या गाडीचं उदाहरण दिलं होतं आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"नाव नाही घेतलं काका तुमचं. 'घरातील एक ज्येष्ठ सदस्य' असं म्हटलं."

"छान केलंस," बाबा हसत म्हणाले. "पहिल्यांदाच माझ्या नावाने टाळ्या पडल्या. पूल बांधले तेव्हा नव्हत्या पडल्या."

सगळे हसले. बाबा पाणी आणायला म्हणून उठायला गेले. दोन्ही तळवे टेबलावर टेकले, अर्धवट उठले आणि तिथेच थांबले. गुडघा सरळ होईना. काही वेळ ते तसेच ओणवे राहिले, चेहऱ्यावर मघाचंच हसू ठेवून, आणि मग आवाज न करता पुन्हा खुर्चीत बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "तहान नव्हतीच तशी."

"बाबांचं नव्हतं ते," तपासनीस म्हणाला.

"काय नव्हतं?" बायकोने विचारलं.

"काचा. बाबांमुळे नव्हत्या होत."

मेहुण्याने चमचा खाली ठेवला. "भावोजी, असं कसं? ते थांबले आणि काचा कोरड्या झाल्या. सिद्ध झालंय ते."

"मी पुसत होतो."

"का?" मेहुणा म्हणाला. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं, पण सवय वाईट.

"ओल्या व्हायच्या म्हणून. माझ्या श्वासाने."

"तुमच्या श्वासाने का? तुम्ही तर गाडी लावून वर येता."

"लगेच येत नाही. बसतो. पाऊण तास."

"पाऊण तास? का?"

तपासनिसाच्या ऑफिसात या प्रश्नाशी आलेली माणसं पाणी मागायची. इथे ते मागायचं त्याला धाडस झालं नाही.

"वर यायला उशीर व्हावा म्हणून."

मेहुण्याचं तोंड पुढच्या 'का'साठी उघडलं. "पुरे," बायको त्याला म्हणाली. "पुढचा मी विचारीन. आत्ता नाही." ती उठली, ताटं एकावर एक ठेवायला लागली. मेहुण्याच्या पुढ्यातलं अर्धं भरलेलं ताटही तिने उचललं आणि त्याने उचलू दिलं.

"तू तर म्हणायचास फोन असतात ऑफिसचे," ती ताटांकडे बघत म्हणाली.

"हो."

"एकही नसायचा?"

"नाही."

तिने मान हलवली, जशी रुग्णाने दुखरा दात बोटाने दाखवल्यावर हलवत असेल. आणि आत गेली.

बाबा टेबलावरचे कण गोळा करत बसले होते. तपासनीस त्यांना म्हणाला, "बाबा, मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"हं," बाबा म्हणाले. त्यांनी कणांची एक सरळ रेघ केली, पट्टी लावल्यासारखी. "मी मात्र इकडे टॉवेल तीन-तीनदा पिळत होतो रे. तलावावरच्या माणसाला वाटलं, मला काहीतरी झालंय."

सोमवारी संध्याकाळी तपासनीस तलावापाशी गाडी घेऊन उभा राहिला. बाबा येतील याची खात्री नव्हती. ते आले, पायऱ्या एकेक करत, ओल्या डोक्यावर टोपी घालून. टॉवेल अंथरायला लागले तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या ना, बसा तसेच." बाबांनी ऐकलं नाही. नीट चार घड्या घालून टॉवेल अंथरला आणि मग बसले. वाटेत दोघेही सिग्नलबद्दल बोलले.

भिंतीलगत गाडी लागली. इंजिन बंद झालं. "तुम्ही व्हा पुढे" हे शब्द रोजच्या जागी येऊन उभे राहिले आणि त्याने ओठ मिटून घेतले. बाबांनी थोडी वाट पाहिली. मग आपल्या बाजूची काच बोटभर खाली घेतली, उतरले, दार हलकेच लावलं आणि पिशवी सांभाळत लिफ्टकडे गेले. मागे वळून पाहिलं नाही.

त्या फटीतून गार हवा येत होती. तपासनीस समोरचा नंबर बघत राहिला. एवढी सोय करून दिल्यावर तिथे बसणं त्याला जमेना. त्याने काच वर घेतली, सीटखालचं पिवळं फडकं काढलं, कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि जिन्यानेच वर गेला, कारण लिफ्टमध्ये बाबा असते.

दार बायकोने उघडलं. तिने आधी त्याच्याकडे आणि मग मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आलास?"

"हो."

ती बाजूला झाली. तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला, परक्या घरात बसावं तसा. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. ओट्यावर दोन कप पालथे घातलेले होते, आणि कोरड्या भांड्यात चहाची पावडर मोजून घालून ठेवलेली होती. पाणी अजून घातलेलं नव्हतं. ते घालायला पाऊण तास होता.