अकरा मसुदे

इबिएरेने नेस्तानच्या कोटाचं वरचं बटण लावलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि पुन्हा काढून टाकलं.

"खांदे पाड जरा. फाशी द्यायला नेतायत की काय तुला?"

"कोट तुझा आहे. खांदेही तुझ्याच मापाचे आहेत."

"मग बोल पण माझ्यासारखी. 'मीच लिहिलंय, काय म्हणणं आहे तुमचं?' बस, विषय संपला."

इबिएरे पोर्ट हारकोर्टची, वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणारी. दोघी जानेवारीत एकाच आठवड्यात शेफील्डला आल्या होत्या, एकाच वर्गासाठी. परदेशी मुलांना विद्यापीठात शिरण्याजोगं करून सोडणारा वर्ग. इतरांना ज्याला दीड वर्ष मिळतं ते इथे सात महिन्यांत उरकायचं. फेरपरीक्षा नाही, कारण तेवढी सवडच वेळापत्रकात नव्हती.

नेस्तान नापास झाली नव्हती. उलट औषधांच्या किमतींवरचा तिचा निबंध इतका नेटका होता, की बाहेरच्या परीक्षकाचा विश्वास बसला नाही. 'यंत्राकडून लिहून घेतलेला दिसतो', असा शेरा मारून त्याने तो जूनमध्ये परत पाठवला. आज त्याचीच चौकशी होती.

कॉलेजच्या दारात ग्लेनिस वाट पाहत उभी होती. एकसष्ट वर्षांची, इंग्रजी शिकवणारी. सगळ्या मुलांना ती 'पोरा', 'पोरी' म्हणायची, कारण नावं उच्चारताना तिची त्रेधा उडायची. नेस्तानचं नाव मात्र तिने घोकून पाठ केलं होतं. तिच्या काखेत जाड फाइल होती.

"घाबरू नकोस. सगळं आहे यात. अकरा मसुदे, प्रत्येकावर तारीख आणि वेळ. कॉलेजच्या संगणकात नोंदलेलं असतं ते सगळं. हे पाहून कोण नाही म्हणणार?"

समितीची खोली लहान होती. अध्यक्ष अॅल्डरसन यांना सर्दी झाली होती आणि त्याबद्दल त्यांनी आधीच माफी मागितली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. एक निबंधाचं पहिलं पान. दुसरा पहिल्या आठवड्यात वर्गात लिहून घेतलेला, हस्ताक्षरातला.

"हा वाचतो," ते म्हणाले आणि हस्ताक्षरातला कागद त्यांनी नाकाजवळ धरला. "'माझा आजी गावात राहतो. तो रात्री दार नाही लावते. मी विचारतो, का? ती म्हणतो, कोण आला तर?'"

टिपणं घेणारी मुलगी गालात हसली. नेस्तानच्या भाषेत 'तो' आणि 'ती' वेगळे नसतात. पहिला महिनाभर तिने सगळ्यांना कसंही संबोधलं होतं.

"या दोन कागदांमध्ये नऊ आठवडे आहेत," अॅल्डरसन म्हणाले. "नऊ आठवड्यांत माणूस इतका बदलतो का, एवढाच आमचा प्रश्न आहे."

"बदलतो," ग्लेनिस म्हणाली. "नाहीतर आपण हा वर्ग कशाला चालवतो?"

तिने फाइल पुढे सरकवली. अॅल्डरसन एकेक पान उलटू लागले, तारखांवरून बोट फिरवत. हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"हे पाहा. तेरा मार्च. सकाळी दहा ते एक, सलग. एक वाक्य चार वेळा खोडलंय." त्यांनी चष्म्यावरून नेस्तानकडे पाहिलं. "खूप मेहनत घेतलीत तुम्ही."

नेस्तान त्या आकड्यांकडे पाहत राहिली. इथे सकाळचे दहा, म्हणजे आंब्रोलाउरीजवळच्या तिच्या गावात दुपारचे दोन.

बेबो, तिची आजी, दहा तारखेला गेली होती. नेस्तान त्याच दिवशी ग्लेनिसकडे सुट्टी विचारायला गेली. ग्लेनिसने तिचे दोन्ही हात हातात घेतले, तिच्यासाठी चहा केला, मग हळूच म्हणाली, "आता गेलीस तर वर्ग पुन्हा गाठता येणार नाही. गेलेल्यांना घाई नसते, पोरी. तुला आहे." नेस्तान राहिली. बेबोला तेराला दुपारी दोन वाजता दफनभूमीत नेणार होते. तेराला दहा वाजता ती वाचनालयात होती. दहा वाजून सहा मिनिटांनी आईचा निरोप आला, एकाच शब्दाचा: 'निघालो.' नेस्तानने तो वाचला, फोन पालथा घातला आणि 'तथापि'ने सुरू झालेलं वाक्य पुरं केलं. नीट जमलं नाही म्हणून खोडलं. पुन्हा लिहिलं.

"तर मग," अॅल्डरसन म्हणाले, "केवळ नोंदीसाठी विचारतो. हा निबंध तुम्हीच लिहिलाय ना?"

नेस्तानने हात लांब करून हस्ताक्षरातला कागद स्वतःकडे ओढला.

"हा माझा आहे."

"हो, त्याबद्दल वाद नाही. पण निबंध?"

"तो नाही."

टिपणं घेणारीचा हात थांबला. अॅल्डरसननी पुन्हा विचारलं, सावकाश, शब्द सुटे करून, जणू प्रश्न समजला नसावा. नेस्तानला प्रश्न समजला होता. तिने तेच उत्तर दिलं.

बाहेर आल्यावर ग्लेनिसने तिला कोपराला धरून भिंतीकडे वळवलं.

"काय केलंस हे? माझ्यासमोर बसून लिहिलायस तू तो."

"हो."

"मग?"

इबिएरेच्या कोटात नेस्तानला उकडत होतं. तिने तो काढून हातावर घेतला.

शुक्रवारी पत्र आलं. वर्गातली जागा गेली, तिच्याबरोबर विद्यापीठातलीही. देश सोडायला दोन आठवडे दिले होते. इबिएरे दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली, न विचारता पुस्तकं खोक्यात भरू लागली आणि म्हणाली, "तुझ्यासारखी मूर्ख मी जन्मात पाहिली नाही." मग पलंगावर बसून रडली. नेस्तानला रडू आलं नाही. आईला तिने फोनवर, नापास झाले, एवढंच सांगितलं. आई म्हणाली, "ये."

निघायच्या दिवशी विमानतळाच्या बसपाशी ग्लेनिस आली. केस विंचरलेले नव्हते. तिने काहीच आणलं नव्हतं, फुलं नाहीत, खाऊ नाही.

"ते कागद मी पुन्हा काढले," ती म्हणाली. "तारखा पाहिल्या."

नेस्तानने बॅग चालकाच्या हातात दिली.

"त्या आठवड्यात तू माझ्याकडे आली होतीस, नेस्तान. तेव्हा मी तुला काय म्हणाले होते?"

नेस्तानला शब्दन् शब्द ठाऊक होता, चहाच्या कपावरची निळी नक्षीसुद्धा.

"आठवत नाही," ती म्हणाली.

चालकाने सामानाचं दार आपटून बंद केलं. ग्लेनिसने मान हलवली.

"मला आठवतंय," ती म्हणाली.