पूर्ण हिशेब मिळाला

मित्रांनो, मी एक जुनी मिक्सर मशीन आहे. गिट्टी, रेती, सिमेंट आणि पाणी माझ्या ड्रममध्ये टाकतात आणि मी ते सारे एकजीव कालवून देते. सध्या मी पुलगावात एका भंगारवाल्याच्या आवारात, मोडक्या कूलरांच्या रांगेत उभी आहे. मला कापायला गॅस कटरवाला येणार आहे. तो येण्याआधी माझी गोष्ट सांगून टाकते.

माझे मालक बंडूजी पूर्वी गवंडी होते. नागपूरच्या कारखान्यातून त्यांनी मला आणले, तेव्हा त्यांच्या बायकोने, कमलाबाईंनी माझ्या हॉपरला, म्हणजे माल ओतायच्या तोंडाला, हळदकुंकू लावले. हिंगणघाट, सेलू, वर्धा, सगळीकडे मी फिरले. उन्हाळ्यात माझा पत्रा इतका तापे की हात लावला तर चटका बसायचा. तरी स्लॅबच्या दिवशी मी सकाळपासून थांबत नसे. बंडूजींची टोळी अकरा जणांची होती. त्यांत अनुसयाबाई सर्वांत जुन्या. भरलेले घमेले डोक्यावर घेऊन त्या अशा चालत, की एक थेंब सांडत नसे. माझ्या इंजिनावर हात ठेवून त्या म्हणत, "मशीन नाई, हत्तीण आहे आपली!" ते ऐकून मला किती बरे वाटायचे!

मग सावंगीला तीन मजली वसतिगृहाचे काम निघाले. ते काम मुकेशसेठ नावाच्या मोठ्या ठेकेदाराने घेतले होते. त्यांनी तिन्ही स्लॅब बंडूजींना पोटठेक्याने दिले. कागद काही झाला नाही. "अरे, माझा शब्द आहे ना!" असे म्हणून सेठने बंडूजींच्या खांद्यावर हात ठेवला होता.

पहिला स्लॅब टाकून झाला, थोडे पैसे मिळाले. दुसरा टाकला, तेव्हा सेठ म्हणाले, "वसतिगृहाच्या मालकानं बिल नाई काढलं." बंडूजींनी सासऱ्याकडून पैसे आणून मजुरी भागवली. तिसरा स्लॅबही टाकून झाला. नंतर गच्चीच्या कठड्याचे काम चालू असताना बंडूजींनी पुन्हा पैसे मागितले. सेठ भडकले.

"तुझा स्लॅब गळून राह्यला! उलटा मीच तुझ्याकडून पैसे वसूल करीन. चला, सारे निघा इथून!"

माझ्या ड्रममध्ये तेव्हा निम्मा माल होता. "मशीन तर धुऊ द्या," बंडूजी हात जोडून म्हणाले. कोणी ऐकले नाही. सर्वांना बाहेर काढून फाटकाला कुलूप लावले. मित्रांनो, कालवलेला माल कोणासाठी थांबत नाही. संध्याकाळपर्यंत तो माझ्या पोटात दगड झाला.

दोन महिने मी त्या आवारात होते. बंडूजी रोज फाटकावर यायचे. वसतिगृहाच्या मालकालाही ते भेटले. त्याने सरळ सांगितले, "मी मुकेशले सारे पैसे देऊन बसलो. तुमचं तुमी पाहा." ठाण्यात गेले, तर तिथे ठेक्याचा कागद मागितला. तो कुठून आणणार?

एकदा अनुसयाबाईही फाटकावर आल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"बंडूजी, तुमाले दोष नाई देत मी. पण दुकानवाला आता तेल-मीठबी देऊन नाई राह्यला. पोरगी तापानं पडली आहे. मी काय करू, सांगा!"

फाटकाचे गज धरून बंडूजी माझ्याकडे पाहत राहिले. मला ओरडावेसे वाटत होते, पण इंजिनात डिझेल नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते सेठला म्हणाले, "मशीन तरी देऊन द्या. माह्या मजुरायच्या चुली बंद पडल्या."

सेठने तयार कागद काढला. 'पूर्ण हिशेब मिळाला. पुढे कोणतीही मागणी नाही,' असे त्यावर लिहिले होते. "सही कर अन् घेऊन जा."

"हे खोटं आहे, सेठ."

"मग राहू दे मशीन."

बंडूजींनी दोनदा पेन खाली ठेवला. तिसऱ्यांदा सही केली. सगळ्या कामात लिहिलेला तेवढा एकच कागद!

मला वाटले, आता ते मला घरी नेतील, छिन्नीने माझे पोट साफ करतील, मी पुन्हा फिरेन. पण ट्रॅक्टर थेट पुलगावला आला. चालू मशीन म्हणून मला कोणी घेईना. शेवटी भंगारवाल्याने मला लोखंडाच्या भावाने घेतले. दगडाचे वजन त्याने वजा केले.

तिथेच, माझ्या चाकाजवळ, बंडूजींनी सगळे पैसे वाटले. कोणालाच पुरते मिळाले नाहीत. अनुसयाबाईंनी नोटा पदरात बांधल्या आणि विचारले, "तुमाले काय राह्यलं?"

"काही नाई."

मग बंडूजी हळूच म्हणाले, "बाई, उद्या कुठं चालल्या तुमी?"

"हिंगणघाटले. घराचा पाया आहे. रोजीनं."

"मलेबी संग घेजा."

अनुसयाबाईंना त्यांच्याकडे पाहवेना. त्यांनी तोंड फिरवले आणि म्हणाल्या, "सातच्या गाडीनं निघतो आम्ही. कमलाबाईलेबी आणजा."

बंडूजींनी जाताना माझ्याकडे वळून पाहिले नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही.

मित्रांनो, त्या वसतिगृहात आता तुमच्याहून थोड्या मोठ्या ताई-दादांची वर्दळ असेल. तुम्हीही उद्या नव्या घरात राहायला जाल, किंवा मोठे होऊन घरे बांधाल. तेव्हा भिंतींचा रंग विचारण्याआधी एक गोष्ट विचारा: ज्यांनी हा स्लॅब टाकला, त्यांचे पैसे दिले का? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आम्हा मशिनींना तोंड नसते, आणि बंडूजींची तर सही घेऊन ठेवली आहे.