खर्जरावांचे कान

आपण बहिरे होत चाललो आहोत अशी खर्जरावांची खात्री पटली ती एका दुपारी, स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात. एक म्हातारे गृहस्थ समोरच्या खुर्चीत बसून तावातावाने काहीतरी सांगत होते आणि खर्जरावांना त्यातलं अक्षर समजत नव्हतं. गृहस्थांनी कवळी काढून खिशात ठेवली होती, हे नंतर लक्षात आलं. पण तोवर भीतीने मनात घर केलं होतं, आणि भीतीला एकदा घर मिळालं की ती भाडेकरूपेक्षा चिवट असते.

खर्जराव हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. ते त्यांच्या बँडने ठेवलेलं. बँड तिघांचा. गिटार वाजवणारा आणि गाणारा त्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. ड्रम्सवर बालमित्र, ज्याची बेकरी आहे आणि ज्याला सगळे भट्टी म्हणतात. आणि खर्जात घुमणारी बास गिटार यांच्याकडे. बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी मागच्या पिठाच्या खोलीत तालीम चाले. पोत्यांच्या थप्प्यांमुळे आवाज बाहेर जात नसे, हा फायदा. झांजांवर पिठाचा थर बसे, हा तोटा. बासवाल्याकडे एरवी कुणाचं लक्ष नसतं. तो थांबला तरच लोक विचारतात, गाण्याचं काय बिघडलं? खर्जरावांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अंगठा तारांखालच्या पिकअपवर टेकवावा, दोन बोटं आळीपाळीने चालवावीत, भट्टीच्या मोठ्या ड्रमवर कान ठेवावा आणि स्वर जितका मनापासून धरला तितक्याच मनापासून सोडावा, एवढंच त्यांना कळत होतं आणि एवढंच पुरत होतं.

मग नवा बास आला. म्हणजे जुनाच, पण कुणीतरी हौसेने वापरलेला, काळ्याभोर लाकडाचा, अंगावर एकापेक्षा एक बटणं. खर्जराव हरखून गेले. आधीचा साधा बास त्यांनी मेव्हण्याच्या मुलीला देऊन टाकला आणि नवा घरातल्या खोलीच्या कोपऱ्यात स्टँडवर उभा केला. केबल कायम खोचलेली. मनात आलं की वाजवता आलं पाहिजे, उगाच खोचाखोची नको. सुरुवातीला काय आवाज होता त्याचा! बायको आतून म्हणाली, "अहो, कपाटातल्या बश्या थरथरताहेत." त्यांना ती दादच वाटली.

काही आठवड्यांनी त्या आवाजाला काहीतरी झालं. आधी तो पातळ झाला. मग कडेने फाटायला लागला. जोरात वाजवलं की घोगरा, हळू वाजवलं की गायब. खर्जरावांनी तपास सुरू केला. पहिला संशय तारांवर. बासच्या जुन्या तारा उकळत्या पाण्यात टाकल्या की त्यांच्यातला मळ निघतो आणि त्यांना पुन्हा धार येते, हे वादकांचं ठेवणीतलं औषध. त्यांनी बायकोच्या बटाटे उकडायच्या पातेल्यात तारा उकळल्या, त्यावरून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं, आणि फरक काडीचाही पडला नाही. मग नव्या तारा. मग नवी केबल. मग घरचा अँप्लिफायर सोडून बेकरीतला. तिथेही तेच. आता घरचा आणि बेकरीतला अशी दोन यंत्रं एकाच वेळी कशी बिघडतील? एकेका संशयिताला सोडता सोडता शेवटी कोठडीत उरले ते कान, आणि त्याच सुमारास दुकानात ते कवळीवाले गृहस्थ आले. खुद्द बासवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. इतक्या देखण्या वस्तूवर कोण संशय घेतं!

वडिलांचे कान असेच गेले होते. छापखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. यंत्रांच्या खडखडाटात ऐकणं हळूहळू विरत गेलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. काहीही विचारलं की हसून "हो हो" म्हणायचे. एकदा शेजाऱ्यांनी येऊन त्यांच्या जिवलग मित्राच्या मृत्यूची बातमी दिली, तेव्हाही ते हसून "हो हो, छान" म्हणाले होते. खर्जराव तेव्हा तिथेच उभे होते. ते हसू त्यांना अजून विसरता आलेलं नव्हतं.

दुकानात रोज ते गिऱ्हाइकांना झापत असत. "इतकी नजर अधू होईपर्यंत काय करत होतात? वेळेत यायला काय होतं?" आणि स्वतः? कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली, दारापर्यंत गेले आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसलेल्या लोकांचे चेहरे पाहून परत फिरले. घरात एक जुनी तबकडी होती, तिच्यावर त्यांच्या आवडत्या बासवादकाचं वाजवणं होतं. कमी स्वरांत घर भरून टाकणारा माणूस. ती लावली असती तर कान खरे की खोटे, लगेच कळलं असतं. पण तीही फाटकी ऐकू आली तर? रोज हात कपाटाकडे जाई आणि रोज मागे येई. घाबरलेल्या माणसाला खरं कळण्यापेक्षा न कळलेलं बरं वाटतं; आमचे खर्जराव काही वेगळे नव्हते.

मात्र एक गोष्ट त्यांनी न ठरवता सुरू केली. बायको बोलायला लागली की ते हातातलं खाली ठेवत आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसत. हा आवाज एक दिवस आपल्याला ऐकू येणार नाही, हा विचार त्यांची पाठ सोडत नसे. तिच्या ऑफिसातल्या भांडणांपासून भाजीच्या भावापर्यंत सगळं ते जीव लावून ऐकत. ती मधेच थांबून विचारी, "काय झालं? असे काय बघताय?" ते म्हणत, "काही नाही, बोल तू."

पुढच्या महिन्यात मैदानावर कार्यक्रम होता. शेकडो माणसांसमोर बेसूर वाजवून दोघांची फजिती करण्यापेक्षा आपणच बाजूला झालेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. सुट्टीच्या दिवशी ते पिठाच्या खोलीत गेले, केबल खोचली, पण वाजवायला सुरुवात केली नाही. पोत्यावर बसले.

"मला काहीतरी सांगायचंय," ते म्हणाले. "कार्यक्रमासाठी दुसरा बासवाला बघा. माझ्याच्याने आता होणार नाही."

मेव्हण्याचा चेहरा उतरला. "भाऊजी, तुम्ही अजून त्या दिवशीचं मनात धरून आहात?"

"कुठल्या दिवशीचं?"

"मी म्हटलं होतं ना, गाण्यात फार गर्दी करता, जरा कमी वाजवा म्हणून."

"छे रे! ते बरोबरच होतं तुझं." खर्जरावांनी घसा खाकरला. एवढं वाक्य बोलायला त्यांना सगळा धीर गोळा करावा लागला. "माझे कान गेलेत. बाबांसारखे."

भट्टीने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"म्हणजे नेमकं काय होतं तुला?" त्याने विचारलं.

"बास नीट ऐकू येत नाही. पातळ येतो. कडेने फाटल्यासारखा. जोरात वाजवलं की घरघर, हळू वाजवलं की काहीच नाही."

भट्टीने मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने भट्टीकडे.

"अरे, पण तो तसाच येतोय!" भट्टी म्हणाला. "आम्हालाही तसाच ऐकू येतोय. महिना झाला!"

खर्जराव पोत्यावरून उठले. "तुम्हालाही?"

"अगदी तसाच. घरघर, घोगरा, सगळं."

"मग बोलला का नाहीस गाढवा?"

"मला काय माहीत? मला वाटलं, नवीन बास घेतलाय, नवीन काहीतरी करून बघतोय. हल्लीची पोरं मुद्दाम असा फाटका आवाज लावतात. म्हटलं, आपण म्हातारे झालो, आपल्याला कळत नसेल."

"आणि तू रे?"

"मला वाटलं रागावलात," मेव्हणा म्हणाला. "मी कमी वाजवा म्हटलं आणि तेव्हापासूनच आवाज बारीक झाला. ताईला विचारणार होतो. पण ताईने उलट मलाच धरलं असतं, तू काय बोललास त्यांना म्हणून."

खर्जराव परत पोत्यावर बसले. तिघांचे सहा कान, आणि सहाही एकच गोष्ट ऐकत होते. एकाने भीतीपोटी तोंड शिवलं, दुसऱ्याने भिडेपोटी, तिसऱ्याने आपल्याला काय कळतंय म्हणून. आणि दोष कुणाच्याच कानात नव्हता.

मेव्हण्याने बास उचलून उलटा केला. पाठीवर काडेपेटीएवढं एक झाकण होतं. "भाऊजी, यातली बॅटरी कधी बदललीत?"

"कसली बॅटरी?"

"असं काय करताय! या बासला आत बॅटरी लागते. त्याशिवाय ही बटणं चालतील कशी?"

"मला वाटलं आत नुसत्या वायरी असतील. माझ्या जुन्याला कुठे होती?"

"आणि वाजवून झाल्यावर केबल काढता ना? केबल आत असली की बॅटरी जळत राहते."

खर्जरावांना घरच्या कोपऱ्यातला स्टँड आणि कायम खोचलेली केबल आठवली.

झाकण उघडून मेव्हण्याने चौकोनी बॅटरी बाहेर काढली. भट्टीने ती घेऊन वादकांच्या रिवाजाप्रमाणे जिभेला लावली. "मुंगीसुद्धा चावली नाही, पार मेलीये," तो म्हणाला. मेव्हण्याने स्वतःच्या गिटारच्या, पायाने दाबायच्या पेडलमधली बॅटरी काढून तिथे बसवली आणि बास खर्जरावांच्या गळ्यात घातला.

त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज जमिनीतून आला. पोत्यांवरून पिठाची धूळ सुटली, भट्टीचा लहान ड्रम कुणी हात न लावता आपसूक खुळखुळला आणि खर्जरावांच्या बरगड्यांपर्यंत तो स्वर पोचला. त्यांनी तो सोडलाच नाही. विरेपर्यंत धरला, शेवटचा धागा विरतानाही त्यांना ऐकू येत होता, आणि मग ते लहान मुलासारखे रडले. भट्टीने पिठाच्या हाताने त्यांची पाठ थोपटली, त्यामुळे शर्टाचं वाटोळं झालं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी त्यांनी गाण्यात भरपूर गर्दी केली आणि मेव्हण्याने चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. डॉक्टरच्या दारातून परत फिरल्याचंही. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"म्हणून माझ्याकडे टक लावून बघत होतात?"

"हो. वाटायचं, आहे तोवर ऐकून घ्यावं."

"आणि मी इकडे घाबरून अर्धी झाले होते," ती म्हणाली. "वाटलं, तुम्हाला काहीतरी मोठं दुखणं निघालंय आणि तुम्ही लपवताय. रात्र रात्र डोळा नव्हता." मग तिने डोळे पुसले, हसली आणि पुन्हा भाजीला लागली. थोड्या वेळाने, मान खाली घालूनच, ती म्हणाली, "बरं झालं बाई. पण एक सांगू? लग्न झाल्यापासून तुम्ही माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं. आता ते संपलं म्हणायचं."

तिने हे चेष्टेतच म्हटलं होतं. खर्जरावांना मात्र ते फाटक्या आवाजापेक्षा जास्त लागलं. ते तिच्या समोर बसले आणि त्यांनी अर्धी जुडी आपल्याकडे ओढली.

"तुझ्या त्या नव्या साहेबीणबाई आल्यात ना, त्यांनी तुझी रजा मंजूर केली का शेवटी?"

तिने वर पाहिलं. हा माणूस खरंच विचारतोय की थट्टा करतोय, हे बघायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं.